गणपती ६ ला की ७ ला? (न्यू जर्सी)

सांगलीची_लेक:
नमस्कार मंडळी, २०२४ चा वाद आमच्याकडे अजून मिटलेला नाही म्हणून विचारतेय. भारतात गणपती ७ सप्टेंबरला बसले, इथल्या देवळात मात्र ६ ला. आई फोनवर म्हणे तुमच्याकडे दिवस उशिरा उजाडतो ना, मग सण एक दिवस आधी कसा गं? मी आईचं ऐकून ७ ला बसवला तर मैत्रीण म्हणाली तुझी चतुर्थी सकाळीच संपली. चुकलं कोण?

पळीपंचपात्र:
देऊळ बरोबर. तिथी म्हणजे चंद्राला सूर्यापासून १२ अंश पुढे सरकायला लागणारा वेळ, ती सगळ्या जगात एकाच क्षणी लागते आणि एकाच क्षणी संपते, बदलतं ते फक्त आपलं घड्याळ. त्या वर्षी चतुर्थी भारतात ६ ला दुपारी ३:०१ ला लागली आणि ७ ला संध्याकाळी ५:३७ ला संपली. साडेनऊ तास वजा करा, तुमच्याकडे ६ च्या पहाटे ५:३१ ते ७ च्या सकाळी ८:०७. आता एरवी सूर्योदयाला जी तिथी ती त्या दिवसाची, पण गणपतीला मध्याह्न बघतात, म्हणजे दिनमानाचे पाच भाग केले तर त्यातला मधला. हा मध्याह्न तुमच्या गावचा धरायचा, मुंबईचा नाही. तुमच्याकडे तो ६ ला साधारण साडेअकरा ते सव्वादोन, तेव्हा चतुर्थी होती. ७ च्या दुपारी पंचमी, म्हणजे तुम्ही ऋषिपंचमीला बसवलात :)

कोथरूडचा_बाळ:
एक मिनिट, ही तिथी साडेसव्वीस तासांची झाली की! तिथी २४ तासांची नसते का?

पळीपंचपात्र:
नसते. चंद्र लांब असला की सावकाश चालतो, आणि त्या ५ सप्टेंबरला तो त्या फेरीतला सगळ्यात लांब होता. जवळ असला की वीसेक तासांत उरकतो, मग कधीकधी एखादी तिथी सूर्योदयानंतर लागते आणि पुढच्या सूर्योदयाआधी संपूनही जाते, तोच क्षय. लोक उगाच घाबरतात त्या शब्दाला.

नागपुरी_संत्रं:
अहो अमेरिका कशाला, आमच्याकडे संकष्टीला चंद्र मुंबईच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवतो. राहुकाळाचंही तेच, सोमवारी साडेसात ते नऊ हे पाठ करून बसतात पण ते सहा ते सहा दिवस धरून. खरं तर त्या दिवसाचे आठ भाग करून दुसरा घ्यायचा असतो. मी स्वतः राहुकाळ मानत नाही, पण मानायचाच तर नीट तरी माना ना.

सांगलीची_लेक:
आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली बरं, गणपतीचं कळलं, पण तू संकष्टी कधी सोडतेस? आता काय सांगू, इतकी वर्षं भिंतीवरच्या कॅलेंडरमधली मुंबईची वेळ बघूनच जेवतेय 🙈