गिया चॅपेल: भित्तिचित्रांतल्या रिकाम्या जागा भराव्यात का?

पागोळी: चीनच्या किनाऱ्यावरची जुनी पोर्तुगीज वसाहत मकाऊ, तिथल्या गिया टेकडीवर किल्ल्यात १६२२ च्या सुमाराचं पोर्तुगीज चॅपेल आहे. १९९८ मध्ये दुरुस्ती करताना सफेदीखालून भित्तिचित्रं निघाली, पाश्चात्त्य आणि चिनी अशा दोन्ही विषयांची. चित्रं तुकड्यातुकड्यांत उरलीत. माझं मत: भरून घ्यावीत. त्रातेज्जो नावाची इटालियन पद्धत आहेच, बारीक उभ्या रेषांनी जलरंगात भरायचं. लांबून चित्र सलग दिसतं, जवळून नवं काम ओळखू येतं, आणि ओल्या बोळ्याने पुसताही येतं.

चुनाभट्टी: डाग छोटा नि आजूबाजूचा आकार स्पष्ट असेल तर ठीक. इथे हातभर जागा कोऱ्या आहेत. तिथे छटा देऊन युरोपीय उठाव आणणार, की चिनी पद्धतीने रेषेवर भागवणार? जे निवडाल त्यावर हा संगम कसा होता ते ठरेल, आणि ते ठरवणारा माणूस आजचा असेल. कोऱ्या जागी मूळ गिलाव्याहून किंचित फिका चुन्याचा गिलावा द्या, पातळी एखादा मिलिमीटर खाली ठेवा. बास.

पागोळी: म्हणजे पर्यटकाने ठिपके बघून परत फिरायचं?

चुनाभट्टी: शेजारी रेखाटनाचा फलक लावा की! भिंतीवर कशाला?

लोणा_धरलेली_भिंत: दोघंही रंगावर भांडताय, घात पाणी करतं. कौलातून किंवा पायातून ओल चढली की क्षार पृष्ठभागाशी येऊन स्फटिक होतात आणि रंगाचा पापुद्रा उचलतात. त्यावर सिमेंट थापलं तर ओल बाहेर पडत नाही, ती चित्राकडेच वळते. आधी कौलं, पन्हळी. मग कागदाचा लगदा शुद्ध पाण्यात भिजवून भिंतीला लावा, सुकत आला की काढा, क्षार कमी होईपर्यंत पुन्हा पुन्हा. पण आधी कोपऱ्यात चाचणी घ्या. कोरड्या भिंतीवर सरसात कालवून दिलेला रंग असेल तर तो लगद्याबरोबरच निघून येईल.

बाकी ज्या सफेदीला आपण नावं ठेवतो, तिनेच ही चित्रं राखली. मकाऊचा कारभार १८४४ पर्यंत गोव्याच्या हाताखाली होता. गोव्यातही पावसाळा सरला की चर्चला चुना लागतो. ऊनपाणी तो थर सोसतो, भिंत नाही.

पागोळी: पन्हळी आधी, मान्य. छोट्या डागांपुरता मात्र माझा हट्ट कायम.