इसेच्या पायी यात्रेत मध्येच समुद्र कसा?

वाटसरू
जपानी चित्रकार हिरोशिगेने तोकाईदो मार्गावरील मुक्कामांची जी चित्रे काढली, त्यांपैकी कुवानाच्या चित्रात शिडाच्या नावा आणि त्यांच्यामागे किल्ला दिसतो. एदोहून (आताचे टोकियो) क्योतोकडे जाणारा हा रस्ता पायी चालण्याचा असताना मध्येच समुद्र का ओलांडावा लागे? इसेच्या देवस्थानाला निघालेल्या यात्रेकरूंनाही हीच नाव घ्यावी लागे, की त्यांना दुसरी वाट होती?

खाडीकाठ
मिया (आताच्या नागोयातील आत्सुता) आणि कुवाना यांच्यामध्ये किसो, नागारा आणि इबी या तीन मोठ्या नद्या समुद्राला मिळतात. त्या दलदलीच्या मुखप्रदेशातून पूल बांधून रस्ता नेण्यापेक्षा उपसागरातूनच जाणे सोयीचे होते. हे अंतर 7 री, म्हणजे सुमारे 27 किलोमीटर, आणि म्हणूनच या तरीचे नाव ‘शिचिरी नो वाताशी’, सात रींची तर. भरती-ओहोटी आणि वारा यांनुसार नावेचा मार्ग बदले. सर्व काही अनुकूल असले तर साधारण चार तासांत पैलतीर गाठता येई. 1651 मध्ये शोगुनविरुद्धचा (जपानच्या लष्करी शासकाविरुद्धचा) एक कट उघडकीस आल्यानंतर दुपारी चारच्या पुढे नाव सोडण्यास मनाई झाली, त्यामुळे उशिरा पोहोचलेल्याला मियातच रात्र काढावी लागे. 1843 च्या नोंदीप्रमाणे तेथे 248 खाणावळवजा धर्मशाळा होत्या, त्याचे एक कारण हेही असावे.

दुसरी वाट होती. ज्यांना बोट लागे किंवा समुद्राची धास्ती वाटे, ते साया गावापर्यंत जमिनीवरून जात आणि तेथून केवळ 3 री नदीतून कुवानाला पोहोचत. म्हणजे नाव पूर्णपणे चुकत नसे, खारे पाणी मात्र चुके.

कुवानाच्या धक्क्यावर उतरताच समोर तोरी, म्हणजे देवस्थानाची लाकडी कमान उभी असे. तिला इसे प्रांताची पहिली तोरी म्हणतात, आणि आजही दर वीस वर्षांनी इसेच्या उजी पुलावरील तोरीचे उतरवलेले लाकूड आणून ती नव्याने उभारली जाते. देवस्थान अद्याप काही दिवसांच्या चालीवर असले तरी नावेतून उतरलेल्याला आपण देवाच्या हद्दीत आलो असे वाटत असणार. त्यानंतर पोटोबा: कुवानाचे भाजलेले शिंपले प्रसिद्ध होते. आपल्या तिसऱ्यांच्या जातकुळीतले, पण आकाराने मोठे, आणि पाइनच्या सुक्या बोंडांच्या विस्तवावर भाजलेले. योक्काइची ओलांडल्यावर इसेची वाट मुख्य रस्त्यापासून फुटे.

मीरा_प.
वरील उत्तराला एक पुरवणी जोडते, कारण तोकाईदोवर तरीचा आणखी एक मोठा टप्पा होता. 1498 च्या भूकंपात हामाना सरोवर आणि समुद्र यांच्यामधला जमिनीचा पट्टा फुटला आणि पूर्वी चालत जाता येत होते तेथे मायसाका ते आराई अशी नाव घ्यावी लागू लागली. या जागेला ‘इमागिरे’ म्हणजे ‘आता तुटलेले’ असे नाव पडले. नातेच तुटेल या भीतीने नववधूच्या वऱ्हाडाला ते नाव अशुभ वाटे.

स्त्रियांची खरी अडचण मात्र शकुन-अपशकुनाची नव्हती. आराईला नाव थेट तपासणी नाक्याशीच लागे. सरदारांची कुटुंबे एदोत ओलीस असल्यामुळे, एदोकडे जाणाऱ्या बंदुका आणि एदोतून बाहेर पडणाऱ्या स्त्रिया यांवर पहाऱ्याची करडी नजर असे. स्त्रियांकडे स्वतंत्र परवाना लागे, आणि तपासणीसाठी नेमलेल्या बायका त्यांचे केस मोकळे सोडवून वर्णन ताडून पाहत. म्हणून पुष्कळ जणी सरोवराला उत्तरेकडून वळसा घालणाऱ्या ‘राजकन्यांच्या वाटेने’ जात. अर्थात नावावर जाऊ नये, कारण त्या वाटेवरही किगा येथे नाका होताच.

वाटसरू
दोघांचेही आभार. एवढ्या प्रवासाचा खर्च सामान्य शेतकऱ्याला कसा परवडत असे?

खाडीकाठ
पुष्कळदा एकट्याच्या खिशातून तो होत नसे. गावात ‘को’ नावाचे मंडळ असे. सर्वांनी थोडे-थोडे पैसे जमवायचे आणि चिठ्ठी ज्याच्या नावाने निघेल त्याने सर्वांच्या वतीने देवाला जायचे. आपली भिशीच म्हणा ना, फक्त निघालेल्या रकमेतून फ्रिज घ्यायचा नाही, तर सर्वांसाठी देवाचे ताईत आणायचे.

दर्यावर्दी
केवळ एखादा टप्पा नव्हे, तर बहुतांश यात्राच नावेने होई असे उदाहरण हवे असल्यास शिकोकू बेटावरील कोन्पिरा हे देवस्थान पाहावे. ओसाकाहून मारुगामे बंदरापर्यंत खास ‘कोन्पिरा नावा’ चालत, आणि उतरल्यावर पायी जाऊन मुख्य मंदिराच्या 785 पायऱ्या चढायच्या. हा देव खलाशांचा रक्षक, आणि त्याचे नाव मूळ संस्कृत ‘कुंभीर’, म्हणजे मगर, यावरून आलेले आहे. गंगेतली मगर बौद्ध धर्माबरोबर तेथवर पोहोचली आणि समुद्राची राखण करू लागली, हे मला आजही नवलाचे वाटते.

ज्यांना स्वतः जाणे शक्य नसे, त्यांच्यापैकी काही जण दक्षिणा पिंपात घालून, त्यावर निशाण लावून ते समुद्रात सोडून देत. वाटेत ज्या मच्छीमाराला ते सापडे, तो ते पुढे नेऊन मंदिरात पोहोचवी, आणि त्यातून त्यालाही पुण्य लाभते अशी समजूत होती.