वगळायलाही आता इंग्रजीच हवी का?

खवट_पुणेकर: काल इथे कुणीतरी लिहिलं की माणसाला बाहेर ठेवायच्या छटा इंग्रजीतच आहेत. ओमिट, एक्सक्लूड, ऑस्ट्रसाइझ, बॉयकॉट, ब्लॅकबॉल (गुप्त मतदानात काळी गोटी टाकून नाकारणे). मराठीची गाडी म्हणे 'वगळणे'वर थांबते. डोकंच सटकलं. गाळणे, डावलणे, फाटा देणे, पत्ता कट करणे, खड्यासारखं बाजूला काढणे, हे काय भाड्याने आणलंय? यादीतून नाव गळलं तर नजरचूक, डावललं तर हेतू. ओमिटमध्ये दोन्ही खपतं. आणि 'अनुल्लेखाने मारणे' इंग्रजीत सांगून दाखवा!

शब्दखोर: तो 'कुणीतरी' मीच. नाव न घेता लिहिलंत, म्हणजे प्रात्यक्षिकही झालं. मी शब्द मोजत नव्हतो हो, त्यामागच्या गोष्टींबद्दल बोलत होतो. बॉयकॉट हा आयर्लंडमधल्या मेयोतला, जमीनदाराचा कारभारी. १८८० साली कुळांनी त्याचं पीक कापायला नकार दिला, दुकानदारांनी माल बंद केला आणि आडनावाचं क्रियापद झालं. ऑस्ट्रसाइझ आला प्राचीन अथेन्समधून: तिथे खापरावर नाव कोरायचे, ज्याच्या नावाची खापरं जास्त तो १० वर्षं हद्दपार. मराठीत आहे असं काही?

कोकणातला: आहे ना, वाळीत टाकणं. गोष्ट हवी ना, घ्या. पालखीच्या मानावरून गावकीने आमच्या आजोबांना वाळीत टाकलं. विहीर बंद, दुकानात मीठ मिळेना. आजी गेली तेव्हा खांद्याला चौथा माणूस तालुक्याहून आणला. तुमच्या बॉयकॉटसाठी कापणीला बाहेरून ५० जण आले, वर राखणीला सैन्य.

शब्दखोर: वाईट झालं. पण तो काळ जुना.

कोकणातला: जुना? मग महाराष्ट्राला २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा हौस म्हणून करावासा वाटला का? ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड.

निवृत्त_बाई: कायद्याचं कौतुक सांगू नका. साक्ष देणाराही त्याच गावात राहतो. माझ्या माहेरी एका घराशी बोलायचं नाही असं ठरलं होतं. कागदावर काही नाही, कुणाचं नाव नाही. पोलिसांना दाखवणार काय? आणि जातपंचायतींवर कुणी बोलणार आहे, की सगळं गावकीच्याच माथी?

खवट_पुणेकर: बाई, धागा शब्दांचा आहे. फाटे फोडू नका.

निवृत्त_बाई: मला गाळताय की डावलताय?

शब्दखोर: हाहा. बरं, 'डावलणे' तुमचं, दिलं. पण 'बहिष्कार' संस्कृतातून उसना आणलाय, हे विसरू नका.

खवट_पुणेकर: उदार झालात! ओमिट, एक्सक्लूड लॅटिनचे, ऑस्ट्रसाइझ ग्रीकांचा. उसनवारी आधी स्वतःच्या यादीत मोजा.

धाकटा_भाऊ: एवढे विद्वान जमलेत आणि लिंबूटिंबू कुणालाच आठवला नाही? खेळात घेतलाय, पण आउट झाला तरी त्याच्यावर राज्य नाही. चार उन्हाळे काढलेत मी तसे. त्यापेक्षा सरळ घरी पाठवलं असतं तर बरं.

खवट_पुणेकर: त्याला कच्चा लिंबू म्हणतात. हं, तर शब्दखोर, ब्लॅकबॉलचं काय म्हणत होतात?

धाकटा_भाऊ: बघा, इथेही तेच.