शिंक, चपला आणि गोळीबार: दुःख सांगताना भाषा सजवावी का?

पेडण्याचा वाचक

गेल्या रविवारी आमच्या वाचनकट्ट्यावर जोरदार वाजलं, घरी आलो तरी डोक्यातून जाईना म्हणून इथे लिहितोय. आम्ही सलमान रश्दींच्या 'मिडनाइट्स चिल्ड्रेन' या कादंबरीतली जालियनवाला बागेची दीड-दोन पानं वाचली. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डॉक्टर आदम अझीझ 13 एप्रिल 1919ला बागेत आहे, नाकात खाज सुटलीय, जनरल डायर हुकूम देतो आणि नेमक्या त्याच क्षणाला डॉक्टरला प्रचंड शिंक येते, तो पुढे पडतो आणि वाचतो. औषधाच्या बॅगेची कडी छातीत रुतते, तो वळ मरेपर्यंत जात नाही. घरी येतो तर कपड्यांवरचे लाल डाग बघून बायकोला वाटतं औषध सांडलं.

वाचून झाल्यावर कट्ट्यावरचा एक कॉलेजचा मुलगा हसत म्हणाला, भारी आहे हो हे. आणि मला आत काहीतरी टोचलं. शेकडो माणसं मेली तिथे आणि आपल्या लक्षात काय राहिलं तर शिंक!

आता माझं घरचं सांगतो. आमचं गाव पत्रादेवीपासून लांब नाही. 15 ऑगस्ट 1955ला तिथे पोर्तुगीज पोलिसांनी गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर गोळ्या घातल्या, त्या दिवशी गोव्याच्या हद्दीवर सगळीकडे मिळून वीसहून जास्त माणसं गेली. आजोबा तेव्हा तेरा-चौदा वर्षांचे. आयुष्यात ते त्याबद्दल मोजून तीन वाक्यं बोलले. पाऊस होता. आवाज आला. नंतर चिखलात चपला पडलेल्या होत्या. बस, यापुढे ते उठून अंगणात जायचे. मला वाटतं दुःख सांगायचं असेल तर असं. उर्दू कथाकार मंटोने फाळणीनंतर 1948मध्ये 'सियाह हाशिये'त केलं तसं, चार ओळी, एक विशेषण नाही. कल्पना लढवून, भाषेला झुली घालून वसाहतीतलं दुःख लिहिणं म्हणजे मेलेल्यांच्या अंगावर जरीचं कापड घालणं आहे. माझं मत ठाम आहे, विरोध असेल तर सांगा.

रांपण

विरोध आहे आणि तुमच्याच पोस्टमधून आहे. तुमच्या आजोबांनी किती माणसं पडली ते सांगितलं का? रक्त सांगितलं का? नाही. चपला सांगितल्या. एवढ्या मोठ्या भयंकर गोष्टीतून एक क्षुल्लक वस्तू उचलली आणि सगळा भार तिच्यावर टाकला. शिंक म्हणजे दुसरं काय आहे मग? जो वाचतो त्याला आयुष्यभर हेच छळतं ना की मी का वाचलो, आणि उत्तर इतकं फालतू असतं की ते सांगायची लाज वाटते. शिंक आली म्हणून. बुटाची नाडी सुटली म्हणून.

दुसरं, त्याच पानावर रश्दी 1650 फैरींचा आकडा देतो, सरकारी आकडा, कोरडा, आणि हा आकडा शिंकेच्या शेजारी ठेवलाय म्हणून अंगावर येतो. नुसता आकडा आपण शाळेच्या पुस्तकात वाचला होता, तेव्हा कोणाच्या छातीवर वळ उठला होता, खरं सांगा.

आणि मंटोला साधेपणाचा वकील करू नका. त्याच्या 'टोबा टेक सिंह' कथेतला वेड्यांच्या इस्पितळातला बिशनसिंग काय बोलतो? अर्थ न लागणारी बडबड, 'औपड दी गडगड दी' वगैरे. जे झालं ते कुठल्याही धड वाक्यात बसत नाही म्हणून त्याने वाक्यच मोडलं. ही शैलीच आहे, आणि चांगलीच अवघड शैली आहे.

पेडण्याचा वाचक

चपलांचा मुद्दा लागला, नाकारत नाही. पण फरक आहे हो. आजोबांनी चपला निवडल्या नाहीत, त्यांना तेवढंच आठवत होतं. लेखक टेबलाशी बसून निवडतो, आणि त्याला माहीत असतं की वाचक इथे खूश होणार. माझी भीती त्या खूश होण्याबद्दल आहे. दुःखाची चव घ्यायला लागलो की आपण त्या माणसाच्या बाजूला राहत नाही, आपण प्रेक्षक होतो.

कुळागर

मी कुंकळ्ळीजवळची, त्यामुळे हे दोघांचं वाचून राहवेना. तुम्ही दोघं पुस्तकातल्या शैलीबद्दल बोलताय पण आपल्या लोकांनी पुस्तकं नसताना काय केलं ते बघा. 1583मध्ये कुंकळ्ळीत पाच जेझुइट पाद्री मारले गेले, मग पोर्तुगीजांनी गावकारांना, म्हणजे गावच्या प्रमुखांना, बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि मारून टाकलं, एकच जण नदीत उडी घेऊन निसटला असं सांगतात. गावची देवी शांतादुर्गा फातर्प्याला न्यावी लागली. एवढं सगळं झालेल्या गावाने गोष्ट कशी सांगितली? शिगम्याला देवीच्या मिरवणुकीसोबत बारा छत्र्या नाचवत फातर्प्याहून गावात आणतात, बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या, बारा सांत्र्यो. ढोल, गुलाल, रंग. ख्रिश्चन कुटुंबंही त्यात मानाने असतात. मी लहानपणापासून बघतेय, अंगावर गुलाल घेऊन घरी आलेय, आणि वीस वर्षांची होईपर्यंत मला कोणी सांगितलं नव्हतं की यामागे कत्तल आहे.

म्हणून वाचकबाब, सजवणं म्हणजे अपमान हे मला पटत नाही. पण रांपण, तुमचंही पूर्ण पटत नाही, कारण रंगात ते इतकं मुरलं की मला दिसलंच नाही. पोर्तुगीजांच्या धाकाने मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. आपण काय म्हणतो? देवी आली. देव आला. पळालो असं कोणी म्हणत नाही. रात्री होडीत बसून घरदार सोडणाऱ्या माणसांची गोष्ट आपण देवाच्या प्रवासाची गोष्ट केली. त्या क्रियापदानेच माणसं तरली असतील, कोणी सांगावं. पण त्यात बाई कोण होती, पोटुशी होती का, मागे कोण राहिलं, हे सगळं गेलं. कादंबरीने ते परत आणावं असं मला वाटतं, आणि त्यासाठी क्रियापद बदलावं लागेल. मला शैलीचा प्रश्न इथे दिसतो. साधी की नटलेली हा नंतरचा.

तिसवाडी

माझं घर ख्रिश्चन, मराठी शाळेत शिकलो, इथे फार लिहीत नाही पण आज लिहितो. मागे जे राहिले त्यांच्यातलाच मी. इन्क्विझिशनवर, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या धर्मन्यायालयाच्या छळावर, महाबळेश्वर सैलांची 'तांडव' कादंबरी वाचली तेव्हा मला आधी भीती वाटली होती की आता यात मी कुठल्या बाजूला. छळाची वर्णनं लांबलचक आणि बारकाईने लिहिली की एक धोका असतो, वाचणाऱ्याचा राग चारशे वर्षांपूर्वीच्या पाद्र्यावर न थांबता शेजारच्या घरावर येतो. मला त्या पुस्तकात धर्म बदललेल्यांचंही रडणं ऐकू आलं म्हणून मी ते शेवटपर्यंत वाचू शकलो. एकाच घरात एक भाऊ नदीपलीकडे गेला आणि एक राहिला, दोघांचंही तुटलंय. लेखक कोणाच्या डोळ्यांतून बघतो, कोणाला नाव देतो आणि कोणाला नुसतं 'बाटलेला' म्हणतो हे पण शैलीतच येतं ना?

आणि साध्या, दस्तऐवजी भाषेवर ज्यांचा भरवसा आहे त्यांना एक आठवण. इन्क्विझिशन 1560ला सुरू झालं, 1812ला कायमचं बंद झालं, आणि बंद करताना इथले बहुतेक कागद नष्ट केले. म्हणजे त्या माणसांचा स्वतःचा शब्द आपल्याकडे जवळजवळ नाहीच. जे उरलंय ते प्रामुख्याने पकडणाऱ्यांनी लिहिलेलं. मग 'साधं आणि खरं' कुठून आणणार? जो कोणी लिहील तो कल्पनेनेच लिहील, मग त्याने ते उघड मान्य केलेलं बरं.

रांपण

तिसवाडी, पकडणाऱ्यांच्या कागदांवरून नायजेरियन लेखक अचेबे आठवला. 'थिंग्ज फॉल अपार्ट', 1958. अख्खी कादंबरी ओकोन्क्वोच्या गावाच्या भाषेत चालते, म्हणी, भुईकंद, कुस्त्या, आणि अगदी शेवटच्या पॅराग्राफला लेखक आपल्याला उचलून गोऱ्या कमिशनरच्या डोक्यात बसवतो. झाडाला लटकलेलं ओकोन्क्वोचं प्रेत मागे ठेवून तो परत निघालाय आणि विचार करतोय की माझ्या पुस्तकात यावर एक प्रकरण होईल, नाही, प्रकरण नको, एक बरासा पॅराग्राफ पुरे. तिथली भाषा एकदम साधी, स्वच्छ, थंड आहे. वाचकबाब, तुम्हाला हवी तशीच! आणि तीच सगळ्यात क्रूर आहे. साधेपणा आपोआप पीडिताच्या बाजूचा नसतो, साहेबाची भाषाही साधीच होती.

डिचोलीकर

सगळं वाचलं. माझी तक्रार वेगळी आहे. आपण 1583, 1919, 1955 करत बसलोय, जसं काही साहेब गेला आणि दुखणं संपलं. खाणपट्ट्यात वाढलेल्या माणसाला विचारा. पुंडलीक नायकांची कोंकणी कादंबरी 'अच्छेव' 1977ची आहे, मुक्तीनंतर सोळा वर्षांनी, खाणीमुळे गाव आणि घर कसं कुजत जातं त्यावर. तिथे गोळीबार नाही, किल्ला नाही. शेती सुटते, रोकड पैसा येतो, दारू येते, नाती सुटत जातात, आणि ती गावाकडची रांगडी बोली तशीच ठेवलीय, प्रमाण करून सांगितलेली नाही. माझ्यासाठी त्या पुस्तकाची ताकद बोलीत आहे. कारण गाव मरतं तेव्हा आधी शब्द मरतात, आमच्याकडे शेताच्या कोपऱ्यांना नावं होती, माझ्या वडिलांना ती सगळी यायची, मला चार येतात, कारण ते कोपरे आता मातीच्या ढिगाखाली आहेत. हे मोठ्या शिंकेने सांगता येत नाही आणि तीन वाक्यांतही सांगता येत नाही, याला कंटाळवाणा, लांबलेला, रोजचा वेग लागतो. हळूहळू होणाऱ्या दुःखाला हळू गद्य लागतं, आणि नेमकं तेच वाचायला आज कोणाकडे धीर नाही.

कुळागर

शेताच्या कोपऱ्यांची नावं. हे लिहून ठेवा हो कुठेतरी, चार का असेनात.

पेडण्याचा वाचक

दोन दिवस काही लिहिलं नाही कारण एक गोष्ट तपासायची होती. आत्याला फोन केला. म्हटलं आजोबा पत्रादेवीचं सांगायचे त्यातल्या चपला तुला आठवतात का. ती म्हणाली, कसल्या चपला? तिला ते नेहमी पावसाचं सांगायचे. आवाज थांबल्यावर बेडूक ओरडायला लागले, आणि त्यांचा राग आला, एवढंच. चपला तिने कधी ऐकल्याच नाहीत. मला चपला, तिला बेडूक. माझ्या बाबांना तर एक शब्द नाही, कधीच.

म्हणजे ते निवडत होते. मी वर लिहिलं की त्यांनी निवडलं नाही, ते मागे घेतो. शाळेत जाणाऱ्या, रोज चपला हरवून येणाऱ्या नातवाला काय सांगावं हे त्यांनी ठरवलं असणार. रांपण, एवढं तुमचं.

पण त्या मुलाचं हसणं मला अजून खटकतंय आणि ते खटकणं मी सोडणार नाही. आजोबा चपला सांगून गप्प व्हायचे, अंगणात जायचे, आणि ऐकणाऱ्याला त्या गप्प बसण्यात एकटं बसावं लागायचं. रश्दी तेवढी जागा देत नाही, लगेच पुढचं वाक्य येतं, आणखी चमकदार. माझं भांडण आता तेवढ्यापुरतं उरलंय. येत्या रविवारी तीच पानं पुन्हा वाचायची ठरलीत, 'अच्छेव'मधली दोन पानंही सोबत. यावेळी प्रत्येक उताऱ्यानंतर पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही असं त्या मुलानेच सुचवलंय.

रांपण

येतो. आणि पाच नको, दहा ठेवा.