फॉरमॅट नको, आधी रॅम बघा
कॉम्प्युटर चालू केला की पंखा फिरतो, दोन सेकंदांत बंद पडतो आणि परत आपोआप चालू होतो म्हणताय, म्हणजे गाडी विंडोजपर्यंत पोचतच नाहीये, त्यामुळे वर कोणीतरी दिलेला फॉरमॅटचा (डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकायचा) सल्ला सोडून द्या. प्लग काढा, पॉवर बटण १०-१५ सेकंद दाबून धरा, मग रॅम (मदरबोर्डवरच्या मेमरीच्या पट्ट्या, म्हणजेच स्टिक) काढून तिची सोनेरी कड खोडरबरने हलकेच पुसा आणि एकच स्टिक लावून बघा, नाही झालं तर तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग दुसरी स्टिक. माझं दोनदा एवढ्यावरच भागलंय. तरी तेच चालू असेल तर एसएमपीएसवर (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) संशय, दुसरा लावून बघा, पण तो उघडू नका हां, प्लग काढला तरी आतले कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे भाग) चार्ज असू शकतात.