बी४५० मदरबोर्डचे बायोस अपडेट : नेमकी फाइल कशी ओळखावी आणि पावसाळ्यात हे काम करावे का?

प्रश्न : खाडीकाठची (गुहागर तालुका)

नमस्कार. मी गावात ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे आणि आंबा-काजूच्या बिलांचे छोटे केंद्र चालवते. केंद्रातील मुख्य संगणकात गिगाबाइटचा बी४५०एम डीएस३एच हा मदरबोर्ड, रायझन ३ २२००जी प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि २२००जी हा विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, म्हणून संपूर्ण यंत्र न बदलता केवळ प्रोसेसर बदलावा असा माझा विचार आहे. रायझन ५ ५६०० घेण्याचे जवळजवळ ठरले होते, परंतु दुकानदाराने सांगितले की आधी बायोस (यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणारा, मदरबोर्डवरील चिपमधला प्रोग्राम) अपडेट करावे लागेल, आणि माझे पाऊल तिथेच अडखळले.

बायोसची तारीख पाहिली तर ती २०१८ ची आहे, म्हणजे यंत्र घेतल्यापासून त्याला कोणी हात लावलेला नाही. इंटरनेटवर शोध घेतला असता सर्वांत वर जे पान आले, त्याने एक ‘अपडेटर’ उतरवून घ्यायला सांगितले. तो उतरवला नाही, पण मनात शंका राहिली. शिवाय आमच्याकडे जून लागला की लाईट दिवसातून चार-पाच वेळा जाते-येते. शेजारच्या वाडीत एका दुकानातील संगणक असे अपडेट चालू असतानाच वीज गेल्यामुळे पुन्हा सुरू झाला नाही, हे मी स्वतः पाहिले आहे. योग्य फाइल कुठे मिळते, ती माझ्याच बोर्डाची आहे याची खात्री कशी करावी, आणि हे काम मी स्वतः करावे की नाही, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : मांडवी_रत्नागिरी

नमस्कार ताई. प्रोसेसरचे पैसे अजून दिले नसतील तर आधी थांबा. रायझन ५ ५६०० मध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही. आपल्याकडे वेगळे कार्ड नसल्यामुळे तो बसवल्यानंतर बायोस कितीही नवे असले तरी पडद्यावर काहीही दिसणार नाही, आणि आपल्याला वाटेल की अपडेटच फसले. आपल्याला ५६००जी हवा. नावातील शेवटचे अक्षर इथे फार महत्त्वाचे आहे. दोन्ही प्रोसेसर एकाच मालिकेतले वाटले तरी त्यांची आतली रचना वेगळी असून ५६००जीसाठी लागणारे किमान बायोस सहसा नंतरच्या आवृत्तीचे असते. म्हणून मदरबोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या बोर्डाच्या पानावरील ‘सीपीयू सपोर्ट’ ही यादी उघडा, त्यात ५६००जीची ओळ शोधा आणि त्या ओळीत कोणत्या आवृत्तीपासून तो चालतो ते वहीत लिहून घ्या. ‘पाच हजार मालिका चालते’ एवढ्या ढोबळ माहितीवर प्रोसेसर विकत घेऊ नये.

आता बोर्ड ओळखण्याविषयी. स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ असे शोधल्यास बोर्डाचे नाव, बायोसची आवृत्ती आणि तारीख एकाच ठिकाणी दिसते, पण तेवढ्यावर विसंबू नका. बी४५०एम डीएस३एच आणि बी४५०एम डीएस३एच व्ही२ हे दोन वेगळे बोर्ड आहेत आणि त्यांची पानेही वेगळी आहेत. शिवाय एकाच नावाच्या बोर्डाच्या निरनिराळ्या सुधारित आवृत्त्या असतात. यंत्र बंद करून, वायर काढून, कॅबिनेटची बाजूची पट्टी उघडा आणि टॉर्च मारून बोर्डाच्या कडेला, बहुधा एखाद्या कोपऱ्यात, बारीक पांढऱ्या अक्षरांत ‘रेव्ह’ आणि त्यापुढे १.० किंवा तसाच आकडा छापलेला आहे का ते पाहा. मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा. संकेतस्थळावर नेमका तोच आकडा निवडून मगच बायोसच्या यादीकडे जा. फाइल फक्त तिथूनच घ्यावी. आपण तो ‘अपडेटर’ उतरवला नाही हे उत्तमच केले, कारण मदरबोर्डचे बायोस देण्याचा अधिकार बोर्ड बनवणाऱ्या कंपनीखेरीज कोणाकडेही नाही.

यादीत सर्वांत वरची फाइल पाहून लगेच ती उतरवू नये. प्रत्येक आवृत्तीखाली दोन-चार ओळींची टीप असते आणि आपले बायोस २०१८ चे असल्यामुळे ती टीप आपल्यासाठी फार मोलाची आहे. काही बोर्डांवर जुन्या आवृत्तीवरून थेट नव्यावर जाता येत नाही. मधली एखादी आवृत्ती आधी घालावी लागते किंवा एखादे छोटे साधन आधी चालवावे लागते. तसे लिहिलेले असेल तर त्याच क्रमाने जा, मग त्यासाठी दोनदा अपडेट करावे लागले तरी चालेल. ‘बीटा’ (अजून चाचणीत असलेली) असे लिहिलेली आवृत्ती केंद्राच्या यंत्रावर घालू नये.

उतरलेली झिप फाइल उघडल्यावर आत दोन-तीन फाइली दिसतील. ज्या फाइलच्या नावाच्या शेवटी एफ आणि आवृत्तीचा आकडा आहे तीच बायोसची. तेवढीच एक, फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर बाहेरच ठेवा, फोल्डरात नको. विंडोजमधून चालणारे साधन वापरू नका, कारण त्या वेळी मागे अँटिव्हायरस, विंडोज अपडेट असे दहा उद्योग चालू असतात. यंत्र सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये जा आणि तिथले क्यू-फ्लॅश उघडा. प्रथम ‘सेव्ह बायोस’ वापरून आहे ते बायोस पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, जुन्या सेटिंगच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा, आणि मगच ‘अपडेट’ निवडा. (इतर कंपन्यांच्या बोर्डांवर याच साधनाला ईझेड फ्लॅश, एम-फ्लॅश किंवा इन्स्टंट फ्लॅश म्हणतात.)

हे सर्व जुना २२००जी बसवलेला असतानाच करायचे आहे. अपडेटनंतर यंत्र सुरू होऊन नवी आवृत्ती दिसली की मगच नव्या प्रोसेसरचा डबा उघडा.

उत्तर : केळशीचा_भाऊ (दापोली)

वरील उत्तराशी मी पूर्णपणे सहमत आहे. मी केवळ विजेविषयी लिहितो, कारण आपल्याकडे खरा धोका तिथे आहे. बायोसची चिप आधी पुसली जाते आणि मग नव्याने लिहिली जाते. ही तीन-चार मिनिटे वीज टिकली तर बाकी कशाचे भय नाही.

घरातला इन्व्हर्टर आहे म्हणून निश्चिंत राहू नका. अनेक इन्व्हर्टरांच्या मागे ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ असे छोटे बटण असते. ते नॉर्मलवर असेल तर वीज गेल्यावर बॅटरीवर जाण्यास जो वेळ लागतो, तेवढ्यात पंखा फिरत राहतो पण संगणक बंद पडतो. संगणकाचा एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) वीज तुटल्यावर पूर्ण भाराखाली साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरू शकतो, त्याहून अधिक काळ तो तग धरेलच असे धरून चालू नये.

यूपीएस असेल तर त्याचीही परीक्षा घ्या. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्या भागात कित्येक दिवस वीज नव्हती. माझ्या यूपीएसची बॅटरी त्या काळात पूर्ण उतरलेल्या अवस्थेत तशीच पडून राहिली, आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरी उतरलेली ठेवली की आतून खराब होते. पुढे हिरवा दिवा व्यवस्थित लागत असे, परंतु भार आला की चार सेकंदांत सर्व अंधार. म्हणून अपडेटच्या आदल्या दिवशी यूपीएस पूर्ण चार्ज करा, त्यावर फक्त कॅबिनेट आणि मॉनिटर ठेवा, प्रिंटर काढा, संगणकावर एखादा व्हिडिओ लावा आणि भिंतीवरचे बटण बंद करून घड्याळ लावा. पंधरा मिनिटे निर्वेध गेली तर पुन्हा चार्ज करून काम करा. पाच मिनिटांत कुरकुर सुरू झाली तर आधी बॅटरी बदला.

वेळेविषयी माझे मत स्पष्ट आहे : वळवाचा किंवा मृगाचा गडगडाट चालू असताना हे काम करू नये, मग यूपीएस कितीही चांगला असो. उघडीप असलेला दिवस पाहावा, त्या दिवशी दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार असल्याची सूचना आहे का ते विचारून घ्यावे, आणि सकाळी लवकर, केंद्र उघडण्यापूर्वी काम उरकावे. गिऱ्हाईक समोर बसलेले असताना तर मुळीच नको.

प्रश्नकर्ती : खाडीकाठची

दोघांचेही मनापासून आभार, विशेषतः ५६००जीच्या सूचनेबद्दल; माझे पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचले. बोर्डावर रेव्ह १.० असे सापडले. आपण सांगितल्याप्रमाणे बटण बंद करून पाहिले तर यूपीएस सहा मिनिटांत बंद पडला, म्हणून नवी बॅटरी मागवली आहे. एक शंका आहे : या यंत्राच्या डिस्कवर बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असल्याचे दिसते. त्याचा या कामाशी काही संबंध येतो का? आणि एवढी काळजी घेऊनही अपडेट फसलेच तर पुढे काय?

उत्तर : कुडाळ_दुरुस्ती

ताई, बिटलॉकरचा संबंध येतो आणि तो आपण आधीच विचारलात हे फार बरे झाले. आपल्या यंत्रात टीपीएम (बिटलॉकरच्या किल्ल्या सांभाळणारा सुरक्षा भाग) हा प्रोसेसरच्या आधाराने चालतो; त्यालाच एफटीपीएम म्हणतात. बायोस किंवा प्रोसेसर बदलला की बिटलॉकरला यंत्र अनोळखी वाटू शकते आणि तो ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती की नसेल तर लोकांचे अर्ज आणि बिले डिस्कवर असूनही आपल्या हाती लागणार नाहीत. म्हणून ती आधी मायक्रोसॉफ्ट खात्यात पाहून कागदावर उतरवा, महत्त्वाचा डेटा वेगळ्या ड्राइव्हवर घ्या आणि बिटलॉकर तात्पुरता ‘सस्पेंड’ करा. प्रोसेसर बदलताना तर तो पूर्ण काढून टाकलेला बरा. नवा प्रोसेसर बसवल्यावर काळ्या पडद्यावर एफटीपीएम रीसेट करण्याविषयी वाय किंवा एन असा प्रश्न येऊ शकतो. बिटलॉकर काढलेला असेल तर निर्धास्तपणे वाय दाबा, कारण विंडोज ११ साठी नव्या प्रोसेसरवर टीपीएम चालू असणे आवश्यक आहे.

अपडेट फसल्याचा निष्कर्षही घाईने काढू नये. लिहून झाल्यावर यंत्र स्वतःहून एक-दोनदा बंद-चालू होते, पडदा काही वेळ काळा राहतो, आणि पहिल्या वेळी रॅमची जुळणी करण्यास नेहमीपेक्षा बराच अधिक वेळ लागतो. या काळात घाबरून बटण दाबल्यामुळे बिघडलेले बोर्ड माझ्याकडे येतात, आणि त्यांतील काहींमध्ये बायोस व्यवस्थित लिहिले गेलेले असते. दहा-पंधरा मिनिटांनंतरही काही दिसले नाही तर वायर काढून बोर्डावरची सीआर२०३२ ही नाण्यासारखी बॅटरी काही मिनिटे बाहेर काढा आणि पुन्हा बसवा. त्यानंतर रॅम काढून पाहा. आपल्या खाऱ्या हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मळकट हिरवी छटा चढते. ती कोऱ्या खोडरबरने हलकेच पुसून रॅम बसवली की ‘मेलेला’ बोर्ड पुष्कळदा जागा होतो.

एवढे करूनही यंत्र सुरू झाले नाही तरी बोर्ड टाकून देऊ नका. बायोसची चिप आठ पायांची असते आणि प्रोग्रामरची क्लिप लावून तिच्यावर पुन्हा लिहिता येते; आपण ‘सेव्ह’ केलेले जुने बायोस तेव्हा उपयोगी पडते. मात्र हे घरी करू नये, कारण काही चिपा १.८ व्होल्टच्या असतात आणि त्यांना ३.३ व्होल्ट दिल्यास त्या कायमच्या निकामी होऊ शकतात. जवळच्या दुरुस्तीवाल्याला ‘चिपवर प्रोग्रामरने बायोस लिहून देता का’ असे नेमके विचारा. तो लगेच ‘बोर्ड बदला’ म्हणाला तर दुसऱ्याकडे जा.

प्रश्नकर्ती : खाडीकाठची

कळवण्यास आनंद होतो की रविवारी सकाळी सात वाजता काम पूर्ण झाले. टिपेत लिहिल्याप्रमाणे आधी मधली आवृत्ती आणि नंतर हवी ती आवृत्ती घातली. दुसऱ्या वेळी शेकडा सत्तरच्या आसपास असताना खरोखरच लाईट गेली. यूपीएसची शिट्टी वाजू लागली, मी हात मागे घेऊन खुर्चीवर बसून राहिले आणि पट्टी शंभरपर्यंत गेली. ५६००जी सोमवारी बसवला, एफटीपीएमच्या प्रश्नाला वाय दिले, विंडोज ११ चालू आहे. फक्त रॅम ३००० वेगाची असूनही आता वेग २१३३ दाखवते. तिला काही झाले आहे का?

उत्तर : मांडवी_रत्नागिरी

रॅम ठीक आहे, ताई. अपडेटनंतर बायोसची सर्व सेटिंग मूळपदावर येतात आणि त्यात एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) हीही बंद होते. डिलीट दाबून आत जा, एक्सएमपीमध्ये ‘प्रोफाइल १’ निवडा आणि एफ१० दाबून जतन करा. त्याच फेरीत बूटचा क्रम, पंख्यांची सेटिंग आणि वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावे की नाही ही सेटिंग आपण काढलेल्या फोटोंशी ताडून घ्या. शेवटची सेटिंग आपल्या भागात बंदच ठेवा, कारण लाईट पाठोपाठ दोन-तीनदा आली-गेली तर यंत्राला दर वेळी धक्का बसतो.