बोक्याच्या मुताचा आणि विडी-सिगरेटचा वास, जुन्या चिऱ्याच्या घरातून कसा घालवायचा?

माहेर_देवगड:
देवगडजवळ आमचं जुनं घर आहे, चिऱ्याचं, वर कौलं. आजोबा माजघरात बसून विड्या ओढायचे, त्यांच्यानंतर काकाची सिगरेट, आणि आता बोक्याने पडवीचा कोपरा आणि फडताळाचा पाय धरलाय. मे महिन्यात वास जवळजवळ नव्हता, पाऊस लागला आणि आता दार उघडलं की नाकातच शिरतो. फिनेल, धूप, रूम फ्रेशनर सगळं झालं, तेवढ्यापुरतं बरं वाटतं मग परत तेच. गणपतीला सगळे येणार, भावाचं तान्हं बाळ पण आहे. बोक्याला हाकलायचं नाही, आईचा जीव आहे त्याच्यावर. कोणी खरंच घालवलाय का असा वास?

राजापूरवाला:
ताई, पावसात वास येतो याचं कारण आहे. मांजराच्या मुतात युरिक अ‍ॅसिड असतं, त्याचे खडे होऊन चिऱ्याच्या भोकांत बसतात, ते पाण्याने सहज विरघळत नाहीत, साबणाने पण नाही. हवा दमट झाली की परत वास सुटतो, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा कोरडी असते कुठे! त्यामुळे वरून सुगंध मारून काही होणार नाही, तो खडा मोडायला हवा. ते काम करणारं एन्झाइमवालं क्लीनर ऑनलाइन मिळतं, पेट शॉपमध्येही. जागा आधी नुसत्या पाण्याने धुवा म्हणजे फिनेलचा अंश राहणार नाही, मग ते भरपूर ओता, मूत जितकं आत मुरलंय तितकं ते पण मुरलं पाहिजे, वर प्लास्टिक टाकून रात्रभर ओलं ठेवा आणि मग आपोआप सुकू द्या. जुन्या डागाला परत परत करावं लागतं, धीर सोडू नका. नेमकी जागा सापडत नसेल तर रात्री दिवे बंद करून यूव्ही टॉर्च मारा, डाग पिवळट चमकतात. आणि ब्लीच अजिबात नको, मुतातल्या अमोनियाशी मिळून विषारी वायू होतो, घरात बाळ येणारे.

मांजरवेडी_गुहागर:
काळं फिनेल आधी बंद करा प्लीज!! मांजराला ते विषारी असतं, त्यांच्या लिव्हरला फिनॉल पचवता येत नाही, पाय चाटताना पोटात जातं. बोका शेपटी वर करून भिंतीवर फवारतो का? तर ती हद्द आखतोय, त्याची नसबंदी करून घ्या, बहुतेक बोक्यांचं फवारणं त्याने थांबतं किंवा खूप कमी होतं. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून बघा. पण सारखा थेंब थेंब करत असेल, कळ येऊन ओरडत असेल तर वाट बघू नका, बोक्यांची लघवी अडकते आणि त्यात जीव जातो.

माहेर_देवगड:
फवारतोच तो. फिनेल आजपासून बंद, दवाखान्यात उद्याच फोन करते. विडीच्या वासाचं काय? काका म्हणतो गणपतीआधी माजघराला डिस्टेंपर मारू म्हणजे जाईल.

रंगकाम_रत्नागिरी:
ताई, नुसता डिस्टेंपर मारू नका. धुराचा चिकट पिवळा थर भिंतीवर, वाशांवर, पंख्याच्या पात्यांवर, स्विचबोर्डवर बसलेला असतो, त्याच्यावर रंग दिला तर तांबूस डाग वर फुटतात आणि वास पण. आधी धुणं. कोमट पाण्यात भांड्यांचं लिक्विड घालून भिंत खालून वर पुसत जायची, वरून सुरुवात केली तर ओघळ पडून डाग राहतात, आणि पाणी पिवळं यायचं थांबेपर्यंत बदलत राहायचं. स्विचबोर्डाला हात लावायच्या आधी मेन बंद. चुन्याचा हात असेल तर घासू नका, तो सुटून येईल, तिथे सैल चुना खरवडून नवा हात देणंच बरं. लाकूड ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करा. पडदे धुवा, गाद्या-उशांना उघडीप मिळेल तेव्हा ऊन दाखवा, विडीचा धूर कापसात फार बसतो, खूप जुन्या असतील तर कापूस बदला. रंगाचं म्हणाल तर धुतलेल्या भिंतीला आधी डाग आणि वास अडवणारा ऑइल बेस प्रायमर लागतो, आणि तो पावसात ओल धरलेल्या चिऱ्यावर टिकत नाही, पापुद्रे निघतात. काकांना सांगा, आत्ता फक्त धुणं, रंग दिवाळीनंतर. आणि काकांनी सिगरेट अंगणात ओढायची, नाहीतर धुतलेलं सगळं फुकट.

माहेर_देवगड:
काकाला हा धागाच वाचायला दिलाय. माजघराची भिंत चुन्याची आहे, म्हणजे खरवडायचं काम, त्यासाठी माणूस बघते. क्लीनर मागवलंय, फडताळ आधी पडवीत काढून घेतो.